तांदळाएवढा तीन

चाळीस वर्षं मी जहाजांवर नावं लिहिली.
लिव्होर्नोच्या गोदीत, दोरांच्या फळीवर लोंबकळत,
माणसाच्या उंचीचं एकेक अक्षर.
एका 'ओ'ला अर्धा डबा रंग लागायचा,
आणि त्याच्या पोटात बसून
दोघांना डबा खाता आला असता.

आता जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरून
बोटाच्या पेराएवढ्या माणसाच्या पाठीवर
तांदळाएवढा तीन काढतो.
श्वास रोखून.
ब्रशाला केस उरलेत चार,
त्यातला एकच माझं ऐकतो.

रंगाचं सांगायचं तर
आमच्या क्लबाचा रंग दुकानात मिळत नाही.
अमारांतो. राजगिऱ्याच्या तुऱ्याचा.
डब्यावर तसं लिहिलेलं असतं,
आत निघते वाइन, नाहीतर भिजलेली वीट.
मग लालमध्ये निळ्याचा थेंब,
तपकिरीचा नुसता भास,
आणि खिडकीशी नेऊन बघायचं.
लिबेच्चो सुटला असेल तर उद्या.
तो वारा समुद्रावरून आला
की सगळेच रंग खोटं बोलतात.

ही माणसं जुन्या बाजारात घेतली, अख्खी पेटी, स्वस्तात.
का स्वस्त, ते घरी झाकण उघडल्यावर कळलं.
निळे-काळे पट्टे.
पिसाची टीम!
जेम्माने पेटी रात्रभर बाल्कनीत ठेवायला लावली,
आणि ती तर फुटबॉल बघतसुद्धा नाही.
सकाळी दाढीच्या पात्याने एकेकाला सोललं.
तरी काखेत, कॉलरखाली
निळं कुठेतरी राहतंच.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

दर उन्हाळ्यात हेच.
आम्ही एक पायरी खाली घसरतो,
खेळाडू विकले जातात,
आणि मी काळे केस पिवळे करतो,
एकाची दाढी उतरवून दुसऱ्याला चढवतो.
एका ब्राझीलवाल्याला तीन महिन्यांत
फिनलंडचा केला होता.
तोही जानेवारीत गेला.

बदलत नाही तो फक्त तीन नंबर.
आदेल्मो. लेफ्ट बॅक.
खेळणं सोडून एकतीस वर्षं झाली,
पण नवी जर्सी आली की पहिली त्याला.
पायाखालची चकती एकदा तुटली, चिकटवताना कलली,
तेव्हापासून डावीकडचं कुणाचं तरी
ऐकत असल्यासारखा उभा असतो.
पेनल्टी चुकवलेला माणूस.
त्या रविवारी चेंडू गोलावरून, भिंतीवरून,
रस्त्यापलीकडे गेला.
काही जण म्हणतात, अजून पाण्यातच आहे.

गेल्या मंगळवारी तो आला. खराखुरा.
हल्ली मासळीबाजारात भावाच्या गाळ्यावर बसतो.
कागदात बांधलेले चार लाल मासे जेम्माच्या हाती दिले,
भिंग उचललं,
आणि स्वतःकडे बराच वेळ बघत राहिला.
"केस इतके नव्हते मला."
मग, "गुडघे मात्र छान काढलेस."
गुडघे साच्यातूनच आलेले.
मी गप्प बसलो.

त्याने हिरव्या कापडाची सुरकुती तळव्याने मोडली.
चेंडू ठिपक्यावर ठेवला.
आणि खवल्यांनी खरखरीत झालेल्या नखाने
स्वतःला टिचकी मारली.

गोलाच्या वरून.
टेबलाच्या वरून.
कपाटाखाली.

कुणी हसलं नाही.
मग जेम्मा हसली.

आम्ही दोघं म्हातारे चार पायांवर,
गाल थंड फरशीला लावून,
मोबाइलचा उजेड आत टाकत:
धूळ, शर्टाचं बटण, ऑलिव्हची बी,
आणि आमच्या गोलकीपरचा उजवा हात,
जो मी किती वर्षं शोधत होतो.

"चेंडू?" त्याने विचारलं.
दिसत नव्हता.
"मागच्या वेळीही नव्हता सापडला," तो म्हणाला,
आणि बाही वर सारून
हात आणखी आत घातला.